वळचणीचे पाणी आढ्याला

उतरत्या छपराची सगळी रचना एका गृहीतावर उभी असते: पाणी आढ्यापासून वळचणीकडे वाहणार आणि तेथून पागोळ्या होऊन जमिनीवर गळणार. हा क्रम इतका स्वाभाविक मानला गेला आहे की, जगाची रीत उलटली असे सांगायचे झाल्यास मराठी माणूस वळचणीचे पाणी आढ्याला गेले असे म्हणतो. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग, बॉस्टनभोवतीचा न्यू इंग्लंड आणि कॅनडातील ओंटारिओ व क्वेबेक या हिमप्रदेशांत मात्र ही म्हण दर हिवाळ्यात अनेक घरांवर शब्दशः खरी होते. छपराच्या खालच्या कडेला बर्फाचा आडवा उंचवटा तयार होतो, त्याच्या मागे वितळलेले पाणी तुंबते, आणि पुढची वाट बंद झाल्यामुळे ते छपराच्या आवरणाखाली वरच्या दिशेने सरकत घराच्या भिंतींत आणि छतात उतरते. या उंचवट्याला तिकडे आइस डॅम म्हणतात. मराठीत त्याला बर्फाचा बांध म्हणता येईल.

पुढील विवेचनासाठी दोन शब्दभेद आधीच स्पष्ट केलेले बरे. मराठी बोलण्यात आकाशातून भुरभुरणारे पांढरे कण आणि पाणी गोठून झालेला घट्ट गोळा या दोहोंनाही बर्फ म्हणतात. येथे पहिल्याला हिम आणि दुसऱ्याला बर्फ म्हटले आहे, कारण हिमाचे बर्फ होणे हाच या विषयाचा गाभा आहे. त्याचप्रमाणे छप्पर म्हणजे घरावरचे उतरते बाह्य आवरण आणि छत म्हणजे खोलीतून वर पाहिल्यावर दिसणारा पृष्ठभाग. या दोहोंमधल्या त्रिकोणी पोकळीला अमेरिकेत ॲटिक म्हणतात. आपला माळा हा तिचा जवळचा नातलग होय, मात्र सामान ठेवणे हे तेथे तिचे दुय्यम काम असते.

तिचे मुख्य काम घराची ऊब आणि बाहेरची थंडी यांच्यात अंतर राखणे हे आहे. तिकडची बहुसंख्य स्वतंत्र घरे लाकडी सांगाड्याची असतात. छताच्या जिप्सम पाट्यांवर, म्हणजेच माळ्याच्या जमिनीवर, काचतंतूंचा किंवा कागदाच्या लगद्यापासून केलेल्या सेल्युलोजचा जाड उष्णतारोधक थर पसरलेला असतो. त्याच्या वर मोकळी हवा, तिच्या वर वासे, वाशांवर प्लायवूडसारख्या पाट्यांचा तक्ता आणि तक्त्यावर डांबरी शिंगल ठोकलेली असतात. शिंगल कौलांप्रमाणेच एकावर एक चढवून बसवलेली असतात आणि त्यांचा गुणही कौलांसारखाच असतो. ती पाणी ओघळवून लावतात, अडवून धरत नाहीत. पाणी वरून खाली धावत असेपर्यंत ती वीस-वीस वर्षे छप्पर कोरडे राखतात. पण दोन बोटे पाणी त्यांच्यावर साचून राहिले, तर सांधे आणि खिळ्यांची भोके यांतून ते आत येणारच, आणि त्यात शिंगलाचा काही दोष नसतो.

कोकणातल्या कौलारू घराशी तुलना केल्यास एक महत्त्वाचा फरक लक्षात येतो. तेथे वळचण खालून उघडी असते, वाशांच्या मधून वारा आत शिरतो आणि चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडतो. छप्पर आणि घर यांच्यात हवेचा मुक्त व्यवहार चालू असतो. अमेरिकी घरात वळचणीचा तळ फळीने किंवा पत्र्याने बंद केलेला असतो, आणि तेथे पक्षी, खारी व गांधीलमाश्या घरटी करतात हे पाहता ते योग्यही आहे. वळचणीच्या या बंद तळाला सॉफिट म्हणतात. जे वायुवीजन कोकणात न मागता मिळते ते तेथे सॉफिटला जाळीदार झरोके ठेवून मुद्दाम मिळवावे लागते, आणि ते नीट मिळाले नाही तर काय होते हे बर्फाचा बांध दाखवून देतो.

बांध तयार होण्याची प्रक्रिया वरवर पाहता चमत्कारिक वाटते, कारण बाहेर उणे १० अंश सेल्सियस तापमान असताना हिम वितळते तरी कसे, हा पहिलाच प्रश्न पडतो. ते वरून, उन्हाने वितळत नाही, तर खालून, घराच्या उष्णतेने वितळते. खोल्यांतील ऊब छतातून झिरपून माळ्यावर पोहोचते, माळ्यातील हवा तक्ता तापवते, आणि तक्त्याला टेकलेला हिमाचा सर्वांत खालचा पापुद्रा वितळू लागतो. वरचे हिम जागचे हलत नाही, रस्त्यावरून पाहणाऱ्याला छप्पर शुभ्र आणि शांत दिसते, आणि त्या पांघरुणाखालून पाण्याचा पातळ ओहोळ उतारावरून खाली निघालेला असतो. बाहेरच्या भिंतीची रेषा ओलांडून तो वळचणीवर येतो तेव्हा त्याच्या खाली घर नसते, केवळ बाहेरची थंड हवा असते. तेथे तो गोठतो. पुढचा ओहोळ त्यावर गोठतो, त्यावर पुढचा, आणि काही दिवसांत छपराच्या कडेने बर्फाचा बंधारा उभा राहतो. त्याच्या मागचे पाणी मात्र खालून ऊब मिळत असल्यामुळे द्रवरूपातच राहते. छपराचा वरचा भाग उबदार आणि कडा गार, ही विषमता हेच बांधाचे मूळ कारण होय. संपूर्ण छप्पर उबदार असते तर पाणी वाहून गेले असते आणि संपूर्ण छप्पर गार असते तर ते निर्माणच झाले नसते.

या प्रक्रियेत खुद्द हिमाचा वाटा मोठा असतो, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ताजे हिम हवेने भरलेले असल्यामुळे उत्तम उष्णतारोधक असते. अमेरिकेत एखादा थर उष्णतेला किती अडवतो हे आर-मूल्य या मापाने सांगतात, आणि ताज्या हिमाचे आर-मूल्य इंचाला साधारण १ धरता येते. समजा, बाहेर उणे १० अंश सेल्सियस आहे, माळ्यात अधिक ४ अंश आहे, आणि तक्ता, शिंगल व त्यांना लगटून असलेली हवा यांचे एकत्रित आर-मूल्य दीडच्या आसपास आहे. छपरावर दोन इंच हिम असेल तर ढोबळ हिशेबाने हिमाच्या तळाशी उणे २ अंश तापमान राहील आणि काहीही वितळणार नाही. तेच घर, तीच थंडी, तोच माळा, पण हिम बारा इंच असेल, तर तळाशी अधिक २ अंशांहून जास्त तापमान होईल आणि वितळणे अखंड सुरू राहील. म्हणजे छपरावरचे पांघरूण जितके जाड, तितके छप्पर उबदार. अनेक वर्षे निर्धोक राहिलेले घर एखाद्या मोठ्या हिमवर्षावानंतर एकाएकी का गळू लागते, याचे उत्तर या हिशेबात आहे. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टन शहरात ११०.६ इंच, म्हणजे सुमारे २८१ सेंटिमीटर हिम पडले. हा तेथील नोंदींतील उच्चांक होता, आणि त्यातले ६४.८ इंच एकट्या फेब्रुवारीत कोसळले. मध्ये हिम वितळून जाण्याइतकी उसंतच मिळाली नाही. त्या फेब्रुवारीत बॉस्टनच्या परिसरात बर्फाच्या बांधांमुळे गळणाऱ्या छतांच्या तक्रारींचा अक्षरशः पूर आला.

आत शिरलेले पाणी पहिल्या दिवशी दिसत नाही, कारण काचतंतूंचा थर ते बराच वेळ पिऊन ठेवतो. नंतर छताच्या कोपऱ्यात तपकिरी डाग उमटतो, खिडकीच्या चौकटीतून थेंब येतात, रंगाला फोड येतात आणि वसंत ऋतूत भिंतीच्या पोटात बुरशी धरते. ओला झालेला उष्णतारोधक थर उष्णता अडवू शकत नाही. त्यामुळे त्या जागी माळा अधिक तापतो, हिम अधिक वितळते आणि बांध आणखी पोसला जातो. कडेला लोंबणारे बर्फाचे सुळके नाताळच्या भेटकार्डांवर फार सुंदर दिसतात, पण जाड आणि ओळीने लोंबणारे सुळके म्हणजे घरमालकाने तापवलेली आणि छपरातून निसटलेली हवा होय, जिचे बिल त्याने आधीच भरलेले असते. या सुळक्यांचा दोष पुष्कळदा पन्हळीवर ढकलला जातो. पन्हळ काढून टाकली तरी बांध होतोच. ती फार तर त्याला बसायला एक पायरी देते.

माळ्यावर उष्णता येते कोठून, हा खरा प्रश्न आहे. तिचा एक भाग उष्णतारोधक थरातून पाझरतो, आणि तो थर पातळ असेल तर पाझर वाढतो. थंड प्रदेशांसाठी आज माळ्याच्या जमिनीवर ४९ ते ६० आर-मूल्याचा थर सुचवला जातो. सेल्युलोजचे आर-मूल्य इंचाला साडेतीनच्या सुमारास असल्यामुळे याचा अर्थ चौदा ते सतरा इंच जाडी असा होतो, तर जुन्या घरांत पुष्कळदा त्याच्या निम्माही थर आढळत नाही. परंतु जाडी हा प्रश्नाचा सोपा भाग आहे. अवघड भाग असतो तो हवेच्या गळतीचा, कारण ती दिसत नाही आणि उष्णतारोधक थराखाली झाकलेली असते. हिवाळ्यात तापलेले घर धुराड्यासारखे वागते: गरम हवा हलकी असल्यामुळे वर चढते, वरच्या मजल्यावरील फटींतून माळ्यात घुसते, आणि तिची जागा घ्यायला तळघरातील फटींतून थंड हवा आत येते. बाहेर थंडी जितकी कडक, तितका हा ओढा जोरकस. काचतंतूंचा थर या वाहत्या हवेला अडवू शकत नाही. लोकरीचा सैल विणीचा स्वेटर जसा उबदार असतो पण वारा रोखत नाही, तशीच त्याची स्थिती असते.

या फटींचा शोध घेतला तर त्या ठरावीक जागी सापडतात. छतात खोल बसवलेल्या दिव्यांच्या भोवती, सांडपाण्याच्या नळ्यांना हवा देणारी उभी नळी छतातून वर जाते तेथे, विटांचे धुराडे आणि लाकडी सांगाडा यांच्यात आगीपासून संरक्षणासाठी मुद्दाम सोडलेल्या दोन इंचांच्या पोकळीत, आतल्या भिंतींच्या माथ्यावरील आडव्या लाकडाच्या दोन्ही बाजूंना, आणि माळ्यावर चढण्याच्या झडपेच्या चारही कडांना. ही झडप तर बहुतेक घरांत केवळ एक पातळ फळी असते. चौदा इंचांच्या उष्णतारोधक गालिच्याच्या मधोमध ठेवलेली उघडी खिडकीच म्हणायची. ज्या घरांत घर तापवणाऱ्या भट्टीच्या हवेच्या नळ्या माळ्यातून नेलेल्या असतात, तेथे त्यांच्या सांध्यांतून भट्टीची हवा थेट छपराखाली ओतली जाते. न्हाणीघरातील वाफ ओढणाऱ्या पंख्याची नळी छपराबाहेर न काढता माळ्यातच सोडून देणे हा बांधकामातील जुना आळस आहे, आणि त्याचे दुष्परिणाम दुहेरी असतात, कारण ती हवा उबदार तर असतेच, शिवाय ओलीही असते. ओली हवा थंड तक्त्याला लागली की त्याच्या खालच्या बाजूवर दहिवर साचते आणि लाकूड कुजू लागते. टोरंटो, शिकागो किंवा मिनियापोलिस येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी या बाबीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. प्रेशर कुकर आणि फोडणी यांचे स्वयंपाकघर पुष्कळ वाफ निर्माण करते, आणि शेगडीवरचा पंखा ती वाफ खरोखर घराबाहेर टाकतो की जाळीतून फिरवून खोलीतच परत सोडतो, हे घर घेताना सहसा कोणी विचारत नाही.

आता वायुवीजनाकडे वळता येईल. ज्या छपराच्या खालून बाहेरची थंड हवा सतत वाहत ठेवून तक्ता बाहेरच्याइतकाच गार राखला जातो त्याला शीत छप्पर म्हणतात. त्याची युक्ती साधी आहे. सॉफिटमधील झरोक्यांतून थंड हवा आत येते, वाशांच्या मधून तक्त्याच्या खालच्या अंगाला घासत वर चढते, माळ्यातून झिरपलेली थोडीफार उष्णता आणि ओल उचलते, आणि आढ्याच्या कण्यावर ठेवलेल्या अखंड फटीतून बाहेर पडते. आढ्यावरच्या या झाकलेल्या फटीला रिज व्हेंट म्हणतात. हवेला आत येण्याची वाट खाली आणि बाहेर जाण्याची वर, आणि दोन्ही सारख्या क्षमतेच्या, एवढेच पथ्य असते. खालची वाट अपुरी पडली तर वरची फट आपली हवा घरातूनच ओढू लागते, म्हणजे छतातल्या फटींवाटे उबदार हवाच माळ्यात खेचली जाते. म्हणून दोहोंपैकी एक कमी पडणारच असेल, तर ती वरची पडलेली बरी.

प्रत्यक्षात बिघाड बहुधा सॉफिटच्या टोकालाच होतो. माळ्याच्या कडेला छप्पर आणि जमीन यांच्यातील अंतर जेमतेम काही इंच उरते. तेथे उष्णतारोधक थर ढकलून कोंबला की झरोके बंद होतात, आणि न कोंबता सोडला तर नेमक्या भिंतीच्या माथ्यावर, जेथे बांधाचे पाणी साचायचे असते तेथेच, थर पातळ राहतो. या पेचावर उतारा म्हणून प्रत्येक दोन वाशांच्या मध्ये तक्त्याला लगटून पुठ्ठ्याची, प्लॅस्टिकची किंवा फोमची पन्हळीसारखी पट्टी ठोकतात. तिला बॅफल म्हणतात. थर कितीही उंच भरला तरी बॅफलच्या मागची हवेची वाट मोकळी राहते. अमेरिकी बांधकामसंहितेने या वाटेची किमान जाडी एक इंच ठरवली आहे. भरपूर हिम पडणाऱ्या भागात मात्र दोन इंच ठेवणे अधिक सुरक्षित. नव्या घरांत वाशांचे टोक मुळातच भिंतीपासून उंच उचललेली कैची वापरतात, आणि हा पेच नकाशावरच सुटतो. जुन्या घरांत आणखी एक फसवणूक आढळते. लाकडी सॉफिटवर नंतर कधीतरी छिद्रांचा ॲल्युमिनियमचा किंवा व्हिनिलचा पत्रा चढवलेला असतो, खालून पाहता सगळीकडे भोकेच भोके दिसतात, पण मागची जुनी फळी कोणी कापलेलीच नसते. भोके आहेत आणि हवा नाही, अशी ही शोभेची जाळी तपासण्यासाठी एक पट्टी उतरवून आत पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

झरोके किती असावेत यासाठी एक प्रमाण रूढ आहे. माळ्याच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एकशेपन्नासाव्या हिश्शाइतके मोकळे छिद्रक्षेत्र असावे, आणि ते वर-खाली समतोल वाटलेले असून थंड प्रदेशात छताला बाष्परोधक पडदाही असेल तर तीनशेवा हिस्सा पुरे, असे बांधकामसंहिता सांगते. मोकळे छिद्रक्षेत्र म्हणजे जाळी आणि पट्ट्या यांनी अडवलेली जागा वजा करून उरलेली जागा होय. १५०० चौरस फुटांच्या माळ्याला तीनशेव्या हिश्शाने ५ चौरस फूट, म्हणजे ७२० चौरस इंच लागतात. त्यातले निम्मे, ३६०, खाली आणि निम्मे वर. फुटामागे ९ चौरस इंच देणारी सॉफिटची पट्टी घेतली तर तिची लांबी ४० फूट लागेल, आणि फुटामागे १८ देणारी आढ्याची फट घेतली तर २० फूट पुरेल.

हे तीनशेचे प्रमाण आले कोठून, ही कथा मात्र विचार करायला लावणारी आहे. मिनेसोटा विद्यापीठातील फ्रँक रौली यांनी १९३० च्या दशकात थंड भिंतींवर आणि छपरांखाली साचणाऱ्या ओलीवर प्रयोग केले, आणि १९४२ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या गृहकर्जांना हमी देणाऱ्या सरकारी यंत्रणेने आपल्या बांधकाम-निकषांत १/३०० हा आकडा घातला. इलिनॉय विद्यापीठातील विल्यम रोझ यांनी पुढे या आकड्याचा माग काढला तेव्हा त्यामागे भक्कम असे संशोधन सापडले नाही. शिवाय त्या सगळ्या चर्चेचा विषय माळ्यावरील ओल हा होता. बर्फाचा बांध त्यात नव्हताच. तात्पर्य, नियमाप्रमाणे झरोके असलेले घर बांधापासून सुरक्षित असेलच असे नाही, आणि हा नियम पाठ म्हणणाऱ्या कंत्राटदाराने ते लक्षात ठेवलेले बरे.

बांधाशी थेट संबंधित अशी मोजमापे १९९० च्या दशकात झाली. न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोवर येथे अमेरिकी लष्कराची शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळा आहे. तेथील वेन टोबियासन, जेम्स बुस्का आणि ॲलन ग्रेटोरेक्स यांनी न्यूयॉर्क राज्यातील फोर्ट ड्रम या लष्करी तळावरील, कडेला सतत बर्फ धरणाऱ्या इमारतींच्या माळ्यांत तापमापक बसवले. त्यांना आढळले की, बाहेरचे तापमान २२ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे उणे साडेपाच सेल्सियसच्या खाली असते आणि त्याच वेळी माळ्याचे तापमान ३० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे उणे एक सेल्सियसच्या वर असते, तेव्हाच त्रासदायक बर्फ साचतो. बाहेर त्याहून उबदार असेल तर वळचणीवर पाणी फारसे गोठत नाही. माळा त्याहून गार असेल तर पाणीच फारसे होत नाही. म्हणून बाहेर २२ असताना माळा ३० च्या वर जाऊ नये इतके वायुवीजन ठेवायचे, असे मोजता येणारे उद्दिष्ट या कामातून मिळाले. छिद्रांचे क्षेत्रफळ मोजण्यापेक्षा हे कितीतरी अर्थपूर्ण आहे, कारण ते त्या विशिष्ट घराबद्दल बोलते.

वायुवीजनाला मर्यादा असते, हेही त्यातूनच स्पष्ट होते. माळ्यात येणारी उष्णता थोडी असेल तर वाहती हवा ती उचलून नेते. भट्टीच्या फुटक्या नळीतून ती धोधो येत असेल तर कितीही झरोके पाडले तरी भागत नाही. म्हणून कामाचा क्रम फटी बुजवणे, मग उष्णतारोधक थर वाढवणे आणि मग वायुवीजन सुधारणे असाच असला पाहिजे. बाजारात या क्रमाची उलटापालट होते, कारण झरोका विकता येतो आणि बसवलेला दिसतो, तर माळ्यावर पोटावर सरपटत, तोंडाला मुखवटा लावून, विजेरीच्या उजेडात फटी शोधून फोम आणि सीलंट भरण्याचे काम कष्टाचे असते आणि झाल्यावर थराखाली झाकले जाते. धुराड्याभोवती साधा फोम चालत नाही. तेथे पत्र्याची पट्टी आणि उष्णता सोसणारे सीलंटच लागते. फार जुन्या घरांत माळ्यावर व्हर्मिक्युलाइट या खनिजाचे चमकदार दाणे आढळले तर त्यांना हातही लावू नये, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. विजेवर चालणारा माळ्याचा पंखा तर उपाय म्हणून अनेकदा विकला जातो, पण हिवाळ्यात तो माळ्यातील हवा इतक्या जोराने बाहेर फेकतो की छतातल्या उरलेल्या फटींतून घरातील ऊब वर ओढली जाते. दुखण्यालाच खुराक देणारे हे औषध आहे.

काही छपरांना माळाच नसतो. खोलीचे छत थेट वाशांना ठोकलेले असते, आणि अशा उंच तिरप्या छताला कॅथीड्रल सीलिंग म्हणतात. तेथे उष्णतारोधक थर आणि हवेची वाट या दोघांनाही वाशाच्या जाडीतच जागा शोधावी लागते. दोन पाखी एकमेकांना मिळतात त्या पन्हाळात किंवा छपरातून बाहेर काढलेल्या खिडकीभोवती ही वाट आढ्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा ठिकाणी वाशांच्या वर, तक्त्याच्या बाहेरून, कठीण फोमचे जाड पत्रे घालून त्यावर हवेची वाट आणि दुसरा तक्ता बसवणे हा खर्चीक पण खात्रीचा मार्ग असतो, आणि तो नवे छप्पर घालतानाच परवडतो.

नव्या छपरासोबत आणखी एक संरक्षण घेता येते. शिंगलांच्या खाली, कडेपासून वर, स्वतःच चिकटणारा डांबरी पडदा लावतात. खिळा त्यातून गेला तरी तो खिळ्याभोवती आवळून बसतो. बर्फाचे बांध होण्याचा इतिहास असलेल्या भागांत हा पडदा बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत किमान २४ इंचांपर्यंत नेणे संहितेने बंधनकारक केले आहे. वळचण दीड फूट बाहेर आलेली असेल तर आडवे अंतरच साडेतीन फूट होते, उताराने ते आणखी वाढते, म्हणजे तीन फूट रुंदीची एक गुंडाळी पुरत नाही, दोन लागतात. येथे एका गुंडाळीवर भागवणारे पुष्कळ असतात. हा पडदा बांध होऊ देत नाही असे मात्र नाही; झालेल्या बांधाचे पाणी तो आत येऊ देत नाही, इतकेच.

बांध झालाच, तर करण्यासारखे थोडे आणि टाळण्यासारखे फार असते. जमिनीवर उभे राहून लांब दांड्याच्या फावड्याने कडेचे तीन-चार फूट हिम ओढून काढणे हा ताज्या हिमवर्षावानंतरचा सर्वांत शहाणा उपाय. कॅल्शियम क्लोराइड भरलेला कापडी मोजा बांधावर उभा ठेवला तर तो पाण्याला वाट करून देतो. साधे मीठ वापरू नये, ते पन्हळीचा धातू आणि खालची झाडे दोन्ही खाते. तज्ज्ञ कामगार वाफेच्या झोताने बांध कापतात. कुऱ्हाड घेऊन शिडीवर चढणारा माणूस बर्फाआधी शिंगल फोडतो आणि कधीकधी स्वतःचे हाड. कडेला नागमोडी लावलेली विजेची तापणारी तार बांधात चर पाडते, तो नाहीसा करत नाही, आणि वीज खाते ते वेगळेच.

उपाय लागू पडला की नाही, हे कळायला पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावे लागते, पण तपासणी कठीण नसते. थोडे हिम पडून गेल्याच्या सकाळी रस्त्यापलीकडे उभे राहून छपराकडे पाहावे: जेथे पांढरे आवरण आधी विरते, धुराड्याभोवती, न्हाणीघराच्या वर किंवा झडपेच्या रेषेत, तेथे खाली फट आहे. त्याहून नेमके उत्तर हवे असेल तर दोन स्वस्त तापमापक पुरतात, एक उत्तरेच्या भिंतीवर सावलीत आणि दुसरा माळ्यात, माळ्याच्या जमिनीपासून हातभर वर. बाहेरचा २२ फॅरनहाइट दाखवत असताना आतला ३० च्या खाली राहिला, तर काम झाले; ४० दाखवत असेल, तर पुन्हा विजेरी आणि सीलंटची नळी घेऊन माळ्यावर चढावे लागेल.